‘पैसे काढा’च्या आधी एक ओळ हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या अर्थविषयक पानावर कोणत्या खात्याला किती टक्के व्याज मिळते, याचे तक्ते येतात. मी ते नेमाने वाचतो, कापूनही ठेवतो. पण त्या तक्त्यांत पैसे ठेवणाऱ्याचाच विचार असतो. काढणाऱ्याचे काय होते, याबद्दल एक अक्षर नसते. माझे दुखणे नेमके तिथले आहे. पत्र थोडे लांबेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. चौतीस वर्षे दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेली, आकडे सांगितल्याशिवाय मला बोलता येत नाही.

माझे ऑनलाइन बचत खाते मुलीने उघडून दिले. तिचा चहा निवायच्या आत काम झाले. खात्याची रचना अशी : पंचवीस हजारांपर्यंतचे पैसे साध्या बचतीत. त्यावर लाख जमला की तो आपोआप एका वर्षाच्या ठेवीत जातो, आणि बचतीत पैसे कमी पडले की ठेवीतून आपोआप परत येतो. याला ‘ऑटो स्वीप’ म्हणतात. बचतीवर ३ टक्के, ठेवीवर ७ टक्के. “बाबा, तुम्हाला काहीच करायचं नाही,” असे मुलगी म्हणाली. शंका मला तेव्हाच यायला हवी होती.

त्या दिवशी माझ्या एक-एक लाखाच्या दोन ठेवी होत्या. पहिलीला ३४५ दिवस झाले होते, म्हणजे मुदत भरायला वीस दिवस बाकी. दुसरी अवघ्या बारा दिवसांची. बचतीत बरोबर पंचवीस हजार. मला एका ठिकाणी अठ्ठावीस हजार भरायचे होते. ॲप उघडले, आकडा टाकला, ओटीपी दिला. हिरवी खूण आली, पडद्यावर रंगीत कागदाचे तुकडे उडाले. पैसे पोचले. मी समाधानाने चष्मा काढून ठेवला.

चार दिवसांनी खातेउतारा पाहताना ४,७२६ अशी व्याजाची नोंद दिसली. हा आकडा कुठून आला ते कळेना. वही काढली. माझी एक जुनी सवय आहे : कोणत्याही खात्याचे व्याज मी आधी स्वतः काढतो, मग बँकेचे बघतो. दोन तासांनी उलगडा झाला. कमी पडलेल्या तीन हजारांसाठी यंत्राने माझी पहिली, जवळजवळ पिकलेली ठेव मोडली होती. तुकड्याने नाही, अख्खी. ठेव वर्षाच्या आत मोडली म्हणून ७ टक्क्यांऐवजी जितके दिवस राहिली तितक्या मुदतीचा दर, म्हणजे ६ टक्के. त्यातून मुदतपूर्व मोडल्याचा दंड १ टक्का. उरले ५. लाखावर ५ टक्क्यांनी ३४५ दिवसांचे व्याज ४,७२६. ठरलेल्या ७ टक्क्यांनी तेच ६,६१६ झाले असते. फरक १,८९०. तीन हजार काढायला एक हजार आठशे नव्वद मोजले. रकमेच्या ६३ टक्के. हा दर ऐकून सावकारही कानाला हात लावील.

आणि यंत्राने दुसरी ठेव मोडली असती तर? बारा दिवसांच्या मुदतीचा दर साडेतीन टक्के, दंड जाऊन अडीच. बारा दिवसांत तोटा झाला असता १४८. म्हणजे जे काम १४८ मध्ये भागत होते, त्याला मी १,८९० दिले. त्याहून मनाला लागले ते वेगळेच. दुसऱ्या एका बँकेतल्या जुन्या खात्यात माझे नऊ हजार नुसते पडून होते. तिथून तीन हजार इकडे आणले असते तर एक पैसाही गेला नसता.

उरलेल्या पैशांचे काय झाले, तेही ऐका. मोडलेल्या ठेवीतले सत्त्याण्णव हजार आणि ते कापलेले व्याज साध्या बचतीत येऊन पडले. पंचवीस हजार वगळून पूर्ण लाख होत नव्हता, म्हणून नवी ठेव काही झाली नाही. पैसे ३ टक्क्यांवर निपचित पडून राहिले. त्याचाही निरोप आला नाही.

मदतकेंद्राला फोन केला. पलीकडचा मुलगा सभ्य होता, त्याला मी बोल लावणार नाही. “सर, आपल्या खात्याला ‘आधी झालेली ठेव आधी मोडेल’ ही पद्धत लागू आहे. अटींमध्ये तसं दिलेलं आहे.” मी अटी उघडल्या. दिलेले होते, खरेच. खाते उघडताना ‘मी वाचले, मला मान्य आहे’ यापुढच्या चौकटीत खूण करून मोकळे झालो होतो, त्याच मजकुरात. तेव्हा बँकेने नियम मोडला अशी माझी तक्रार नाही. काही बँका शेवटची ठेव आधी मोडतात, काही पहिली. काही हजार-हजाराच्या तुकड्यांत मोडतात, काही अख्खी. प्रत्येकीची रीत वेगळी, आणि ती ठरवायचा त्यांना अधिकार आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे. हिरवी खूण दाखवणाऱ्या यंत्राला ती दाखवण्याच्या आधीच सगळे ठाऊक असते : कोणती ठेव मोडणार, कोणता दर लागणार, दंड किती. हा हिशेब त्याने त्याच क्षणी केलेलाच असतो, त्याशिवाय ४,७२६ हा आकडा माझ्या खात्यात पडलाच नसता. मग तो हिशेब ओटीपी मागायच्या आधी एका ओळीत दाखवायला काय हरकत आहे? ‘ही रक्कम काढल्यास अमुक तारखेची ठेव मोडेल, आपले व्याज १,८९० ने कमी होईल. पुढे जायचे?’ बस. रंगीत कागद उडवायला जेवढी जागा लागते, तेवढ्यात ही ओळ मावते.

जुन्या लोकांना एक गोष्ट आठवत असेल. १ एप्रिल २०१० च्या आधी आपल्याकडे बचत खात्यावर रोजच्या शिलकेवर व्याज मिळत नसे. महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंत जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तिच्यावरच महिन्याचे व्याज धरायचे. खात्यात महिनाभर लाख असले आणि ३१ तारखेला एका दिवसासाठी नव्वद हजार काढले, तर साऱ्या महिन्याचे व्याज दहा हजारांवर. रिझर्व्ह बँकेने ती रीत बंद करून रोजच्या शिलकेवर व्याज आणले, ते फार चांगले झाले. पण एक सांगू? तो जुना नियम जाचक असला तरी सगळ्यांना पाठ होता. भरायचे ते १० तारखेच्या आत, काढायचे ते पुढच्या महिन्यात, हे आमच्या कचेरीतल्या शिपायालाही माहीत असायचे. आताचे नियम पुष्कळ उदार आहेत, फक्त ते कुणाला तोंडपाठ नाहीत. आणि एका दिवसाच्या गरजेने अकरा महिन्यांचे व्याज कापले जावे, ही जुनीच गोष्ट नव्या कपड्यांत परत आली आहे.

२५ ऑक्टोबर २०११ पासून बचत खात्याचा व्याजदर ठरवायला आपल्याकडच्या बँका मोकळ्या झाल्या. त्यानंतर टप्प्यांचे दर आले, आणि त्याबरोबर आणखी एक घोटाळा आला. ‘५ लाखांवर ७ टक्के’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. वाचणाऱ्याला वाटते, सहा लाख ठेवले की सहा लाखांवर ७ टक्के, म्हणजे वर्षाला ४२ हजार. तसे बहुधा नसते. पहिल्या पाच लाखांना ३ टक्के, वरच्या एका लाखालाच ७. म्हणजे १५ हजार अधिक ७ हजार, एकूण २२ हजार. सरासरी पावणेचारसुद्धा पडत नाही. हे ठेवतानाचे झाले. काढतानाचे पुढे आहे : त्या सहांतून एक लाख काढला, तर कोणता लाख जातो? वरचा, ७ टक्क्यांचा. म्हणजे काढलेल्या लाखाने तुमचे वर्षाचे ७ हजार गेले, सरासरीने येणारे साडेतीन-पावणेचार नव्हे. अशा वेळी तो लाख दुसऱ्या, साध्या ३ टक्क्यांच्या खात्यातून घेतला तर निम्म्याहून अधिक तोटा वाचतो. हे समजायला पाचवीचे गणित पुरते. फक्त कुणीतरी ते पैसे काढताना आठवून द्यावे लागते.

आता उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर सगळा दोष बँकांच्या माथी मारल्यासारखे होईल. आम्हा खातेदारांच्या डोक्यातही खुळचट समजुती कमी नाहीत. माझे एक स्नेही आहेत. पैशांची नड असली तरी ते ‘व्याज पडेपर्यंत’ खात्याला हात लावत नाहीत. तिमाही संपायला आठ दिवस असले तर आठ दिवस उसने घेतील, पण काढणार नाहीत. त्यांना वाटते, आधी काढले की तिमाहीचे व्याज बुडाले. रोजच्या शिलकेच्या खात्यात असे काही नसते. व्याज रोज धरले जाते, जमा मात्र महिन्याला किंवा तिमाहीला होते. रक्कम आज काढली, तर कालपर्यंतचे तिचे व्याज शाबूत आहे. ते त्याच्या वेळेला पडेल. दोन वेळा वहीत मांडून दाखवले. ते म्हणाले, “तुझं खरं असेल, पण मी थांबतो.” चालायचेच.

दुसरी समजूत ‘रोज चक्रवाढ’ या शब्दांची. जाहिरातीत ते सोन्याच्या अक्षरांत असतात. एक लाख धरू, दर ६ टक्के. वर्षातून एकदा व्याज दिले तर ६,०००. तिमाहीला जमा केले तर ६,१३६. महिन्याला केले तर ६,१६८. रोज केले तर ६,१८३. आणि क्षणाक्षणाला जमा केले, तरी ६,१८४ च्या पुढे ते जातच नाही. व्याज जास्त-जास्त वेळा मोजत गेले तर पैसे कुठवर वाढतील, हा प्रश्न याकोब बर्नोली या स्विस गणितज्ञाला १६८३ साली पडला होता, आणि वाढीला मर्यादा आहे हे त्याला दिसले. ज्या २.७१८ या संख्येला पुढे ‘ई’ हे नाव मिळाले, तिचा शोध या व्याजाच्या प्रश्नातूनच लागला. तेव्हा महिन्याचे की रोजचे, हा लाखामागे वर्षाला पंधराचा फरक. दरातला पाव टक्का म्हणजे अडीचशे. कोणत्या शब्दाला भुलायचे, ते ज्याने त्याने ठरवावे.

याच आकड्यांत माझ्यासारख्या निवृत्तांच्या कामाची एक गोष्ट आहे. व्याज खात्यातच राहू द्यायचे की दर महिन्याला दुसऱ्या खात्यात वळवायचे? दर महिन्याला ५०० बाहेर घेतले तर वर्षाचे ६,००० होतात. राहू दिले असते तर ६,१६८. म्हणजे दरमहा व्याज हातात घेण्याची किंमत लाखामागे १६८. ती मला परवडते, आणि मी आता तेच करतो. कारण खर्चाचे खाते वेगळे झाले की मुद्दलाच्या खात्याकडे मी फिरकत नाही, आणि फिरकलो नाही की काही मोडत नाही. हे वळवणे आपोआप होत असेल, तर ती ‘खातेदाराने काढलेली रक्कम’ धरतात का, तेवढे मात्र विचारून घ्यावे. ज्या खात्यांत काढण्याची संख्या मोजतात तिथे याने फरक पडतो. अमेरिकेत ‘रेग्युलेशन डी’ या नियमाखाली बचत खात्यातून असे काही प्रकारचे व्यवहार महिन्याला सहाच करता येत. फेडरल रिझर्व्हने एप्रिल २०२० मध्ये ती सक्ती काढली, तरी काही बँकांनी आपली मर्यादा चालूच ठेवली. सरकारी नियम गेला म्हणजे बँकेचाही गेला, असे गृहीत धरू नये.

खाते बंद करतानाची चूक माझी नव्हे, मुलीची. तिने एक खाते रिकामे केले, शिल्लक शून्य दिसली, ॲप काढून टाकले. खाते बंद झाले, असा तिचा समज. पण शेवटच्या दिवसापर्यंतचे व्याज धरलेले होतेच. ते तिमाहीअखेर पडले आणि खाते किरकोळ रकमेसह जिवंत राहिले. अशी खाती पुढे निष्क्रिय होतात, कारण व्याज पडणे हा काही खातेदाराने केलेला व्यवहार नव्हे. वर्षांनी तिला पुन्हा ओळखीची कागदपत्रे द्यावी लागली, ती चहाच्या दोन कपांएवढ्या रकमेसाठी. खाते बंद करायचे तर ‘बंद करा’ असाच अर्ज द्यावा, आजवरचे व्याज धरून पैसे मागावेत, आणि उतारा उतरवून घेतल्यावरच ॲप काढावे.

मोठी रक्कम काढायची वेळ अचानक येते, आणि ऑनलाइन खात्याची खरी परीक्षा तेव्हाच होते. दिवसाची मर्यादा असते. नवे खाते जोडले तर बऱ्याच ठिकाणी पहिला दिवसभर तिथे थोडीच रक्कम पाठवता येते. ही सोय फसवणूक रोखण्यासाठी आहे, तिला नावे ठेवू नयेत. पण रात्री बारा वाजता ती अडचणच वाटते. म्हणून ज्या दोन-तीन खात्यांत पैसे न्यावे लागतील ती आजच जोडून ठेवावीत, थोडी रक्कम पाठवून पाहावी आणि दिवसाची मर्यादा किती ते बघून घ्यावे. मी हे केले नव्हते. गरज पडली असती तर दुसऱ्या बँकेतल्या त्या नऊ हजारांपर्यंतही मला लगेच पोचता आले नसते, हे नंतर कळले.

मूळ मागणीकडे येतो. बँकेला मी लेखी कळवले आहे. आठ दिवसांत उत्तर आले : ‘आपली मौल्यवान सूचना संबंधित विभागाकडे पाठवण्यात आली आहे.’ आम्हीही कचेरीत असेच लिहायचो, त्यामुळे अर्थ समजला. कर्ज घेताना एकूण किती फेडावे लागेल ते आधी दाखवतात. ठेव ठेवताना मुदतीअखेर किती मिळेल, तो आकडा तर ठळक अक्षरांत दाखवतात. काढतानाच तेवढे मौन का? आपल्या पानावर व्याजदराचा पुढचा तक्ता छापाल, तेव्हा त्यात एक रकाना वाढवावा, अशी विनंती आहे : ‘पैसे काढण्यापूर्वी तोटा दाखवतात का?’ खाली हो किंवा नाही. त्या रकान्यात चार-दोन ‘नाही’ छापून आले, तर संबंधित विभागाला माझी सूचना सापडेल असे वाटते.

तोवर वहीच्या पहिल्या पानावर मी शिल्लक ठेवीची मुदत भरण्याची तारीख लाल शाईने लिहून ठेवली आहे. त्याखाली, बँकेच्या अटींतून शोधून काढलेले वाक्य : ‘आधी झालेली आधी मोडेल.’ मुलीने त्याचा फोटो काढून आपल्या फोनवर घेतला. तिच्याही खात्याला तीच अट निघाली.

आपला,
एक निवृत्त हिशेबतपासनीस